चिप आधी कार्डाकडे पाहते

मार्च संपत आला होता, पांढुर्ण्याच्या प्लॅटफॉर्मवर फरशी पायाला चटके देत होती, आणि मी लोकरीचा स्वेटर घालून उभी होते. वरून शाल. पायांत मोजे. चीन म्हणजे बर्फ, एवढ्या भूगोलावर चौसष्ट वर्षांची ही बाई देश सोडून निघाली होती. घाम पाठीवरून ओघळत होता, पण स्वेटर काढून ठेवायला बॅगेत जागा नव्हती. बॅगेत मृग बहाराची शेवटची संत्री होती. पोरीकडे जायचं आणि संत्री न्यायची नाहीत, असं आमच्याकडे होत नाही. ती संत्री पुढे हाँगकाँग ओलांडताना वर्दीतल्या एका मुलीने मोजे घातलेल्या माझ्या पायांकडे बघत पेटीत टाकून दिली, आणि जिथे मी उतरले तिथे बर्फ सोडा, घामोळं येईल अशी दमट हवा होती. त्या मंदाला, म्हणजे तेव्हाच्या मला, आज मी भेटले तर आधी स्वेटर उतरवीन आणि मग कान पिळीन. स्वेटरसाठी नाही. तिने स्टेशनवर जे वाक्य उच्चारलं, त्यासाठी.

स्टेशनवर माझी थोरली जाऊ आली होती. तिला आम्ही सगळे बाईच म्हणतो. बोरगावहून लग्न होऊन आले तेव्हा मी अठरा वर्षांची. एका डोळ्याने रडत होते आणि दुसऱ्याने पांढुर्ण्यात टॉकीज कुठे आहे ते शोधत होते. बाईने ते पाहिलं आणि पहिल्याच दिवशी मला सांगितलं की टॉकीज नंतर, आधी बागेत चल. तेव्हापासून चाळीस-पंचेचाळीस वर्षं आम्ही एका चुलीवर भांडलो. बाईला ऐकू कमी येतं. समोरच्याचं तोंड पाहिल्याशिवाय तिला बोलणं कळत नाही, म्हणून आमची भांडणंसुद्धा समोरासमोर बसून व्हायची.

त्या दिवशी ती बाकावर बसली होती, माझ्याकडे पाठ करून. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, तिच्या मांडीवर ज्योतीने दिलेला टॅब्लेट ठेवला आणि म्हटलं, बाई, यात माझं तोंड दिसेल. ज्योती म्हणजे माझी मुलगी. बाईने टॅब्लेट पाहिला नाही, माझं तोंड पाहिलं.

"बाग इकली. आता पोरीच्या घरी खुर्चीवर बसजो."

"मी फक्त सही केली, बाई."

मग गाडी आली. हेच ते वाक्य.

गोष्ट साधी आहे. पांढुर्णा जिल्हा झालं आणि रस्त्याकाठची वावरं एकेक करून प्लॉट पाडलेली लेआऊट झाली. हे गेल्यावर यांचा वाटा माझ्या नावावर आला होता. ज्योती म्हणत होती, आई, तू एकटी काय करतेस तिथे, नात तुझ्याशिवाय वाढते आहे. मी रजिस्ट्रीच्या कागदावर सही केली. बाग दोन्ही भावांची, झाडं आम्ही दोघी जावांनी डोक्यावर पाणी वाहून जगवलेली, आणि विहीर एकच. विहीर माझ्या वाट्यात होती. मला माहीत होतं. त्या विहिरीवर आता कुणाचं तरी फाटक आहे, आणि बाईच्या वाट्यातली झाडं एका उन्हाळ्यात शेंड्यापासून वाळत आली. तिचा मुलगा, माझा पुतण्या, त्या दिवसापासून माझं नाव घेत नाही, आणि त्याच्या फोनवर माझं तोंड दिसण्याचा प्रश्नच नाही. उरला तो फक्त टॅब्लेट.

आता ज्योतीचं सांगते. ती शेनझेनमध्ये एका चिनी चिपवाल्या कंपनीत आहे. तिथे नखाएवढा काळा चौकोन आखतात आणि त्या एका चौकोनात सगळं बसवतात: विचार करणारं डोकं, चित्र काढणारा हात, ऐकणारा कान, बाहेरच्यांशी बोलणारी जीभ. ज्योतीने हे समजावलं तेव्हा मी म्हटलं, म्हणजे एकत्र कुटुंब. ती हसली. मी हसले नाही. टिकलेलं एकत्र कुटुंब मी तेवढं त्या चौकोनातच पाहिलं. भारतातले टॅब्लेटवाले ही चिप घेतात, आपल्या बोर्डावर बसवतात, आणि बोर्ड चालू झाला नाही की ज्योतीला फोन करतात. त्याला ती बोर्ड उठवणं म्हणते. जेवायला बसली की सांगते, आज अमक्याचा बोर्ड उठला, तमक्याचा अजून झोपलाय.

इथे सत्ताविसाव्या मजल्यावर माझी नात रेवा चिनी मुलांसारखी चिनी बोलते आणि भाजीवालीला पैसे द्यायला मला मोबाईल कुठे धरायचा ते दाखवते. त्यांच्या नवीन वर्षाला प्रत्येक इमारतीच्या दारात कुंडीत संत्र्याची बुटकी झाडं ठेवतात, फांद्यांना लाल पाकिटं बांधून. मी आयुष्यभर बागेत राहिलेली बाई. एक तोडून खाल्लं. आंबट होतं, आणि वॉचमन माझ्यामागे लिफ्टपर्यंत धावला. तेही परवडलं. पण शेजारच्या आजीबाईंकडे एकदा गेले तर त्या संत्री सोलत बसल्या होत्या, साल नीट तीन पाकळ्यांत काढून दोऱ्यात ओवत होत्या आणि आतलं फळ बादलीत टाकत होत्या. साल वाळवून वर्षानुवर्षं ठेवतात म्हणे, जितकी जुनी तितकी औषधी. मला भाषा येत नाही, पण माझा चेहरा त्यांना कळला असावा, कारण त्यांनी एक फोड घाईघाईने माझ्या हातावर ठेवली. मी घरी येऊन ज्योतीवर ओरडले. फळ टाकतात आणि साल जपतात, हा कुठला देश. ज्योती म्हणाली, आई, तू बाग विकलीस आणि बागेचा फोटो भिंतीवर लावलास. ही माझी पोरगी. चिपवाल्यांकडून एवढंच शिकली, एका ओळीत सगळं बसवायला.

बाईशी बोलणं म्हणजे आणखी एक संताप. इकडचं ऍप तिकडे बंद, तिकडचं इकडे बंद. दोन सरकारं एकमेकांकडे डोळे वटारून बसलीत. चिपला मात्र कुणी अडवत नाही. ती इथून निघून नोएड्याला जाते, टॅब्लेटमध्ये बसते आणि पांढुर्ण्यात बाईच्या मांडीवर पोचते. मला माझ्या जावेचं तोंड पाहायचं तर चोरवाटा शोधायच्या. शेवटी दोन्हीकडे चालणारं एक ऍप ज्योतीने शोधलं. दर रविवारी बाईच्या घड्याळात चार, माझ्या घड्याळात साडेसहा.

दीड वर्ष बाई दर रविवारी आली. अर्धंच तोंड दिसेल अशी बसायची. ऊन किती आहे, कापूस कसा आहे, आज काय शिजवलं, एवढंच बोलायची. विहिरीचा शब्द नाही. मीही काढला नाही. दर रविवारी ठरवायचे की आज सांगते, ती सही चुकली, आणि दर रविवारी भरताच्या वांग्यांवर बोलून बंद करायचे. मंदा फार शूर.

मग एका रविवारी बाई आलीच नाही. पुढच्याही नाही.

पांढुर्ण्यात आमच्या घराशेजारी सुनंदा राहते, शिलाई मशीन चालवते, फोन बटनांचा. तिला साधा फोन लावला तेव्हा कळलं. ऍपने सांगितलं नवीन आवृत्ती घ्या, आणि टॅब्लेट म्हणाला ही माझ्यात बसत नाही. बाईला त्यातलं काय कळणार. दसरा आला होता. आमच्याकडे दसऱ्याला घरातली सगळी अवजारं धुऊन पुजायची रीत. विळे, कुऱ्हाड, सुनंदाची कात्री. बाईला वाटलं, याची पूजा राहिली म्हणून हे रुसलं.

"बाईनं त्याले आंघोळ घातली, काकू," सुनंदा म्हणाली. "हळद-कुंकू लावलं, आपट्याचं पान ठेवलं. तवापासून ते डोळाच उघडून नाही राहिलं."

मी हसले. खूप हसले, रेवा पाहायला आली एवढी. मग लक्षात आलं की जिला मी पाण्यावाचून ठेवलं, तिने माझं तोंड दिसावं म्हणून त्या वस्तूला पाणी घातलं. नंतर हसू आलं नाही.

ज्योती ऑफिसातून आली तशी मी तिला धरलं. तुमचीच चिप आहे, उठव. ती चपला काढत म्हणाली, पाण्याने काय व्हायचं ते झालं असेल, पण ते आधीच बंद पडलं होतं, त्या चिपचा सपोर्ट संपला. कुणी संपवला, मी विचारलं. कंपनीने. जुन्या चिपसाठी नवीन सॉफ्टवेअर आता कुणी बनवत नाही, टीममधल्या सगळ्यांच्या सह्या झाल्या.

"तुझीपण?"

"मी फक्त सही केली, आई."

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावरून पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावरून सावरगाव एकमेकांवर दगड मारतात. मी ना या काठाची ना त्या काठाची, मी बोरगावची, पण त्या संध्याकाळी दोन्ही काठांचे दगड मी एकटीने मारले. तिला म्हटलं, तुम्ही वस्तू विकता, माणसांच्या हातात देता, त्या वस्तूवर त्यांची नजर बसवता, आणि मग एका दुपारी तिचं पाणी तोडता. त्या बाईने काय करायचं. तिला कुणी विचारलं का. बोलता बोलता माझा आवाज मलाच ऐकू यायला लागला. हे सगळं बरोबर होतं, फक्त मारणारीचं तोंड चुकीच्या दिशेला होतं. समोर ज्योती उभी नव्हती, स्वेटर घातलेली मंदा उभी होती.

ज्योतीही चिडली होती, तिने लॅपटॉप आदळून उघडला. पण थोड्या वेळाने तिने सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. ती म्हणाली, चिपच्या शेजारची सॉफ्टवेअरची साठवण सडली असेल, तरी चिपच्या आत एक छोटी ओळ कोरलेली असते. कारखान्यातच. ती पुसता येत नाही. वीज मिळाली की ती ओळ आधी पाहते, खाचेत बाहेरचं मेमरी कार्ड आहे का. असेल तर त्यावरून जागी होते. नसेल तरच स्वतःच्या साठवणीकडे वळते.

रोज, मी विचारलं.

प्रत्येक वेळी, ती म्हणाली.

पुढचे चार शनिवार-रविवार तिने घरी बसून त्या जुन्या चिपसाठी नवीन सॉफ्टवेअर बांधलं, कंपनीला न विचारता, माझ्याशी न बोलता. ते नखाएवढ्या कार्डावर घातलं. नोएड्याचा एक इंजिनिअर कंपनीत आला होता, त्याच्या हाती द्यायचं ठरलं. मी ते शेजारच्या आजीबाईंनी दिलेल्या वाळलेल्या सालींच्या डबीत ठेवलं आणि चिठ्ठी लिहिली: बाई, इथे फळ टाकून साल ठेवतात, ही लोकं तुझ्या तावडीत सापडायला पाहिजे होती. त्याने दिल्लीहून कुरिअरने पाठवलेली डबी पांढुर्ण्याला पोचली. खाचेत वाळलेली हळद बसली होती, ती सुनंदाने मशीनच्या ब्रशने काढली आणि कार्ड आत सरकवलं.

रविवारी साडेसहाला पडदा उजळला. आधी छत दिसलं, मग सुनंदाचा अंगठा, मग बाई. पूर्ण तोंड. गाल बसले होते.

"काऊन वं, जिवंत आहे का?"

मी वांग्यांकडे वळले नाही. म्हटलं, बाई, विहीर माझ्या वाट्यात होती, मला माहीत होतं, तरी सही केली. चुकलं माझं.

"का म्हणतं? मोठ्यानं बोल."

मी मोठ्याने बोलले. तिने कानामागे हात धरला. तिसऱ्यांदा मी अशी ओरडले की रेवा अभ्यास सोडून आली आणि शेजारच्या आजीबाईंनी दार उघडलं. बाई शांतपणे पदर सारखा करत होती.

"पैल्याच बारीले समजलं होतं. तोंड दिसून राहिलं ना तुहं."

मी काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, तीन झाडं राहिलीत. सुनंदा आणि ती नळाचं पाणी बादलीने नेऊन घालतात. आणि मग:

"माफ-बिफ नाई करत मी. पुढच्या रविवारी इथंच बसजो."

जे निघालात, निघणार आहात, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: विहीर कुणाच्या वाट्यात आहे ते सहीच्या आधी पाहा. नंतर पाहायला सत्ताविसाव्या मजल्यावरून काही दिसत नाही. आणि जे तिथे राहिलात, तुम्ही आम्हाला इतक्या सहज माफ करू नका. बाई करत नाही म्हणून दर रविवारी मला कुठे बसायचं ते ठरलेलं आहे.

सकाळी डोळा उघडतो तेव्हा अजूनही मी आधी अडीच तास मागे जाते. पांढुर्ण्यात आता अंधारच असेल, बाई उठली नसेल, बादल्या पालथ्या असतील, तीन झाडं उभी असतील. मग आठवतं की मी शेनझेनमध्ये आहे, रेवाचा डबा भरायचा आहे, आणि मोजे घालायचे नाहीत.

ती सही अजून कागदावर आहे. ती ज्योतीच्याने पुसवत नाही, माझ्याच्याने नाही.

पुढच्या मार्चला मी जाणार आहे. स्वेटर नेणार नाही. बादली उचलता येते का, ते बाईला दाखवायचं आहे.