डोळे मिटलेलं घुबड

"डोळे उघडले, फोटो फेल," असं पुटपुटत काका कॅमेरा खाली करायचे आणि तोंड कसनुसं करून दोन पावलं मागे यायचे. पक्ष्यांचे फोटो काढणारे तुम्हीही पाहिले असतील. त्यांना घुबडाचे ते मोठे, नारिंगी, वटारलेले डोळे हवे असतात. आमच्या काकांना मिटलेले हवे असायचे.

काका म्हणजे इथल्या, आयर्लंडमधल्या स्वोर्ड्स गावातल्या माझ्या शेजाऱ्याचे वडील. नागपूरचे, सत्तरी ओलांडलेले. २०२०च्या फेब्रुवारीत नातीचं तोंड बघायला दोन महिन्यांसाठी आले आणि अडकले. नव्वदीच्या आईला सोडून येता येत नव्हतं म्हणून काकू तिकडेच राहिल्या होत्या. पुढे विमानं थोडीफार सुरू झाली, तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, तुमची शुगर बघा. आधी लस घ्या, मग जा." काका थांबले. भरलेली बॅग मात्र त्यांनी कधी रिकामी केली नाही.

हिवाळ्यात त्यांना नदीकाठच्या पार्कात, एका पाइनमध्ये हे घुबड सापडलं. लांब कानांचं, दिवसभर खोडाला चिकटून झोपलेलं. घरून काम करून करून माझं डोकं उठलेलं असायचं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायला लागले. पहिल्याच दिवशी "अय्या, कुठंय?" असं ओरडले. घुबड घाबरून ताठ झालं, काठीसारखं बारीक.

"बारीक झालं! चल मागं," काकांनी मला दंडाला धरून मागे नेलं. "हळू बोल ना बेटा. झोपून राहिलं ते. रातपाळी आहे त्याची."

कुत्रा फिरवणाऱ्या एका आयरिश आजींनाही ते वर बोट दाखवून "नाइट शिफ्ट, नाइट शिफ्ट" म्हणायचे. आजी "ग्रँड, ग्रँड", म्हणजे इकडचं "बरं, बरं", असं कुजबुजत चवड्यांवर पुढे जायच्या.

रातपाळी म्हणजे काय, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तीस वर्षं मिलमध्ये काढली होती. "मी दिवसा झोपलो की ही दाराशी बसे. भाजीवाल्याले बी ओरडू देत नव्हती," हे त्यांनी मला वीसेक वेळा तरी सांगितलं असेल. मी दर वेळी नव्यानं ऐकलं.

रोज एक फोटो काकूंना जायचा. इथली दुपार म्हणजे तिथली दिवेलागण. लगेच काकूंचा रेकॉर्ड केलेला आवाज यायचा: "मी देवाजवळ दिवा लावून राहिली, अन् तुम्ही घुबड पाठवता? दुसरं काही नाही का त्या देशात?" काका तो स्पीकरवर तीनतीनदा लावायचे आणि खुदखुदायचे. असल्या शकुन-अपशकुनांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. चार महिने त्या दोघांचा संसार त्या एका भांडणावर चालला होता.

२०२१च्या एप्रिलमध्ये काकूंना ताप आला. मग हॉस्पिटल, मग ऑक्सिजन. मुलगा रात्रंदिवस तिकिटं शोधत होता, काही जमेना.

त्या दुपारी आम्ही झाडाखाली होतो. फोटो फार सुंदर आला होता, डोळे गच्च मिटलेले. काकांनी तो फोनवर घेतला आणि फोन परत खिशात ठेवला.

"आज नको. आजारी आहे ती. तिला नाही आवडत."

"पाठवा हो काका!" मी म्हणाले. "काकू चिडतील, दोन शब्द बोलतील, तुम्हालाच जरा बरं वाटेल."

काय मेलीला सुचलं मला!

त्यांनी पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. फोन कानाजवळ धरून काका किती तरी वेळ उभे राहिले. आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे काकू गेल्या.

अंत्यविधी त्यांनी मुलाच्या लॅपटॉपवर पाहिला. आठवड्यानं मी भेटायला गेले, तर मागच्या अंगणात खुर्ची टाकून ते एकेक फोटो डिलीट करत बसले होते.

"शेवटचं काय पाहिलं तिनं, सांग," ते मान वर न करता म्हणाले. "घुबड."

मी चिडले. खरं तर घाबरले. "काका, हे सगळं खोटं असतं असं तुम्हीच म्हणायचात ना?"

"माहीत आहे ना बेटा. माहीत असून काय करू?"

जूनमध्ये ते नागपूरला गेले. निघताना मी वाकून नमस्कार केला. माफी मागायची म्हणून आठ दिवस वाक्यं जुळवत होते, तोंडातून एकही फुटलं नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि टॅक्सीत बसले.

परवा त्यांचा मुलगा सांगत होता, "तिकडे सगळे बाबांना बोल लावतात. आत्या तर तोंडावर म्हणाली, मरणाऱ्या बायकोला कुणी घुबड पाठवतं का? बाबा एवढंच म्हणतात, मलाच हौस होती."

मी म्हणाले म्हणून पाठवला, हे त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही. त्यांच्या मुलासमोर मान हलवत मी चहा प्यायले, आणि मीही सांगितलं नाही.