दोन्ही हातांनी

त्या शिवणवालीचं दुकान म्हणजे जेमतेम दहा बाय बाराची खोली. खिडकीशी तिचं मशीन, मागच्या भिंतीला लागून इस्त्रीचं टेबल, आणि त्या टेबलामागे तिचे बाबा. नवे कपडे ती क्वचितच शिवायची. कुणाची पँट कमरेत सैल करून दे, कुणाची चेन बदल, कुणाच्या कोटाला अस्तर लाव, अशीच कामं जास्त. ती काही कमी नव्हती, कारण माणसं जाडबारीक होतच राहायची.

बाबा सत्तरी ओलांडलेले, जन्मापासून बहिरे. उभी हयात छापखान्यात गेली. यंत्राच्या धडधडीनं बाकीच्यांचे कान किटायचे, यांना त्याचं काहीच नव्हतं. उलट यंत्र कुठे अडखळतंय ते यांना तळपायांतून कळायचं, आणि मुकादम धावत येईपर्यंत हे पट्टा उतरवून मोकळे झालेले असायचे. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून लेकीच्या दुकानात इस्त्री करू लागले. पंचाईत एकच. ते बोलायचे हातांनी, आणि गप्पांना रंग चढला की हातातली इस्त्री उभी करून ठेवायचं भान राहायचं नाही. एका वकिलाच्या शर्टाची बाही त्यापायीच कामी आली होती.

लेक सात वर्षांची असल्यापासून त्यांचे कान होती. आईला ऐकू यायचं, पण तिचे हात खुणांना कधी वळले नाहीत. नवराबायकोचं डोळ्यांवर भागायचं. चर्चमधल्या संदेशाचं काही तसं भागत नाही. मग पहिल्या बाकासमोर एक स्टूल आलं, त्यावर वेदीकडे पाठ करून ही चिमुरडी बसली आणि पाळक बोलतील ते बाबांना हातांनी सांगू लागली. पुढे त्या बाकावर बेकरीतलं एक बहिरं जोडपं आलं, मग टपालाच्या पिशव्या निवडणारी एक बाई. पाळक बदलत गेले, स्टुलाची खुर्ची झाली, आई देवाघरी गेली, हिचे केस पिकायला लागले. मंडळीत सगळे हिला हातवाली म्हणायचे, आणि तिलाही ते आवडायचं.

ती बारा वर्षांची असताना एक पाहुणे प्रचारक आले होते. त्यांनी बाबांना पुढे बोलावलं, दोन्ही कानांत बोटं घातली आणि ते कान उघडावेत म्हणून घाम फुटेस्तोवर प्रार्थना केली. बाबा शहाण्यासारखे उभे राहिले. परत बाकावर आल्यावर त्यांनी लेकीला एवढंच विचारलं, की त्या गृहस्थांनी हात धुतले होते का. लेकीला हसू आलं नाही. तिनंही त्या वेळी डोळे गच्च मिटून मागितलं होतं, आणि मिळालं नव्हतं. ती बोच तिनं कुणाला सांगितली नाही, बाबांना तर नाहीच.

दोन वर्षांपूर्वी नवे पाळकसाहेब आले. साठीचे, हळू आवाजाचे. त्यांनी जाहीर केलं की आता तीन रविवार श्रद्धेतल्या न उलगडणाऱ्या गोष्टींवर बोलायचं. पहिला रविवार होता एकच देव, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, यावर. तो तिनं बोटांची कसरत करत कसाबसा निभावून नेला. दुसऱ्या रविवारी मात्र ती पुरती अडकली. पाळकसाहेब म्हणाले, ख्रिस्त पूर्ण देव आहे आणि पूर्ण माणूसही आहे. देवाची खूण कपाळाच्या वर, माणसाची छातीशी. तिनं एकीमागून एक करून पाहिल्या, तर अर्थ झाला की आधी देव होता, मग माणूस झाला आणि देव राहिला नाही. उलट करून पाहिलं, तर आणखीच भलतं. तोवर पाळकसाहेब चार वाक्यं पुढे गेले होते. घाईघाईत तिनं एका तळव्यावर दुसऱ्या हाताची कड आपटली: अर्धा. अर्धा देव, अर्धा माणूस.

बाबा ताडकन उभे राहिले. त्यांनी हात हलवून तिला थांबवलं आणि विचारलं, "अर्धा?" बेकरीवाल्याचं म्हणणं पडलं की बरोबरच आहे, अर्धा-अर्धाच असणार. त्याची बायको त्याच्यावर उखडली. टपालवाली मध्ये पडली. आठ हात हवेत नुसते भिरभिरत होते आणि आवाज कसलाच नव्हता. मागची मंडळी माना उंचावून बघू लागली. पाळकसाहेब बोलायचे थांबले, चष्मा काढून वाट बघत राहिले, आणि शेवटी त्यांनी गीत घ्यायला सांगितलं.

उपासना संपल्यावर ती तशीच त्यांच्या खोलीत गेली. तिला रडूही येत होतं आणि रागही. हे सोप्या शब्दांत कसं सांगायचं, असं तिनं विचारलं. पाळकसाहेबांनी खुर्ची पुढे केली आणि कबूल केलं की तीस वर्षं आपण हे सांगतोय, पण आपल्यालाही ते पुरतं कळलेलं नाही.

"तुमचं बरं आहे," ती म्हणाली. "तुम्हाला शब्दांच्या आड लपता येतं. मला हातांनी दाखवावं लागतं."

पाळकसाहेबांनी समोरची लिहिलेली पानं मिटली. मग म्हणाले, "खरं आहे. मी लपतोच."

सोमवारी दुकानात ती मुकाट्यानं सुईनं एका कोटाची शिवण उसवत बसली होती. बाबांनी टेबलावर थाप मारली. ते त्यांचं हाक मारणं. तिनं वर पाहिलं, तर त्यांनी इस्त्री अगदी आठवणीनं उभी करून ठेवली होती. म्हणजे बोलणं गंभीर होतं.

"मला आयुष्यभर लोकांनी अर्धा माणूस धरलं," बाबांचे हात म्हणाले. "मुकादमानं, शेजाऱ्यांनी, त्या कानात बोटं घालणाऱ्यानं. अर्धं म्हणजे काय, ते मला विचार. त्याला अर्धा म्हणू नकोस."

ती शरमली. मग तीस-पस्तीस वर्षं जे विचारलं नव्हतं ते तिनं त्या भरात विचारून टाकलं: बाबांना ऐकू यावं असं कधी वाटलं नाही का? बाबांनी खांदे उडवले. तरुणपणी कधीमधी वाटलं, म्हणाले. नंतर तू झालीस, कामात विसरलो. तिनं सांगितलं की मी मागितलं होतं आणि देवानं दिलं नाही. बाबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. टेबलाला वळसा घालून येऊन त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग तिच्या मशीनसमोर उभे राहून त्यांनी उजव्या हातानं देवाची खूण केली आणि ती धरून ठेवली. डाव्या हातानं छातीशी माणसाची खूण केली, तीही धरून ठेवली. दोन्ही एकाच वेळी, एकाच माणसाच्या अंगावर. तसेच उभे राहिले, भुवया उंचावून, कळलं का अशा थाटात.

तोंडानं दोन शब्द एकदम बोलता येत नाहीत. एक संपल्याशिवाय दुसरा निघत नाही. हातांना ती अडचण नव्हती, आणि चाळीस वर्षं हातांनी बोलूनही हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. "पण हे कसं शक्य आहे?" तिनं विचारलं.

हात मोकळे करून बाबा म्हणाले, "ते मला काय ठाऊक? तू सांगायचं कसं ते विचारत होतीस."

ती इतकी हसली की सुई बोटात घुसली.

पुढच्या रविवारी तिसऱ्या विषयाआधी पाळकसाहेबांनी मागचंच वाक्य पुन्हा घेतलं आणि ते थांबले. ती खुर्चीवरून उठली, दोन्ही हातांनी दोन्ही खुणा केल्या आणि धरून राहिली. बेकरीवाल्यानं मान तिरकी करून पाहिलं, मग सावकाश होकारार्थी हलवली. त्याची बायको जिंकल्यासारखी बसली होती. पाळकसाहेब वेदीवरून खाली उतरले, तिच्या खुर्चीला वळसा घालून समोर आले आणि बघत राहिले. त्या दिवशीचा त्यांचा संदेश फार आखूड झाला.

आता दर गुरुवारी दुपारी ते दुकानात येतात, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसतात आणि रविवारचं लिखाण तिला वाचून दाखवतात. हातांना जे सांगता येत नाही त्यावर ती बोट ठेवते. कधी ते वाक्य खोडतात, कधी ठेवतात, आणि मग दोघं मिळून बाबांना गाठतात. कितीतरी गोष्टी तिला अजून उमगलेल्या नाहीत. ती जुनी बोचही अधूनमधून लागते. पण तिची झोप त्यापायी मोडत नाही.

पाळकसाहेब खुणाही शिकू लागलेत. उपासनेच्या शेवटी पहिल्या बाकाला ते स्वतःच्या हातांनी आशीर्वाद देतात. त्यांची करंगळी नको तिथे वळते, त्यामुळे प्रभू तुम्हाला शांती देवो, याऐवजी प्रभू तुम्हाला साबण देवो, असं होतं. हातवाली त्यांना सांगणार होती, पण चौघांनी तिला बजावलंय की खबरदार. बाबा तर दर रविवारी तो आशीर्वाद मान लववून घेतात, आणि बाहेर आल्यावर टपालवालीला विचारतात, या आठवड्याचा साबण पोचला का.