शेवऱ्या बैलाचे काळे ठिपके

देवणीच्या वाटेवर आमचं गाव आहे. गावातल्या जुन्या गढीत आता माझ्या चित्रकार मित्राचं संग्रहालय आहे. गढी त्याच्याच घराण्याची. काचेच्या कपाटांत त्याचे ब्रश, चष्मा, अगदी पायातल्या चपलासुद्धा मांडल्या आहेत. मधल्या दालनात त्याचं शेवटचं चित्र आहे. ते माझ्या बैलाचं.

माझा बैल शेवरा होता. म्हणजे अस्सल देवणी, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. पोळा झाला तशी मित्रानं तो काढायला घेतला. पांढरं अंग झालं, शिंगं झाली, आणि ठिपके द्यायच्या आधीच मित्र गेला.

संग्रहालय उघडायच्या आधी झाडलोट माझ्याकडं होती, किल्लीही माझ्याकडंच. ते नुसतं पांढरं जनावर बघून मला घाम फुटला. आमच्याकडं चित्रात माणसाचा चेहरा चुकला तर कुणी बोलत नाही, बैल चुकला तर गाव सोडत नाही. माझ्या दोस्ताला शेवरा काढता आला नाही म्हणून पारावर हसले असते. घरी शिंगं रंगवून उरलेला काळा ऑइलपेंट होता. आणला आणि ठिपके देऊन टाकले. मला तरी काम झकास वाटलं.

मग शहरातली जाणकार मंडळी आली. हे काळे डाग म्हणजे मृत्यूची सावली, असं त्यांचं म्हणणं पडलं. पाटीवर तेच छापलं. मी हसू दाबत उभा होतो, तेवढ्यात मित्राची मुलगी चित्रापुढं रडायला लागली.

"बाबांना कळलं होतं, काका. एवढे घाबरले होते आणि मला फोनवर काहीच बोलले नाहीत."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तिला पाणी दिलं. पुढं ती गावी आली की मला नेमकं शेतात काम निघायचं.

यंदा मात्र मीच तिला दालनात नेलं. "पोरी, ते डाग तुझ्या बापानं न्हाई काढले. मी काढले. शिंगाच्या रंगानं."

आता किल्ली परत मागणार, असं मला वाटलं.

"मग बाबा शेवटी काय करत होते?"

"चित्रातली शिंगं रंगवत होता. मला म्हणला, तुझा बैल तुझ्यावानीच हाय, एका जागी थांबत न्हाई. मग चहा मागितला, लई साखर घालून."

"घाबरले नव्हते?"

"हाव, घाबरला होता की. साखरेचं तुला कळंल म्हणून."

ती हसली. डोळे पुसून चित्राला नाक लागेल इतकी जवळ गेली.

"पाटी आजच काढते," ती म्हणाली. "पण काका, याचा डावा कानही काळा होता. मी सुट्टीत भाकरी घालायचे ना त्याला. तो कान राहिला की."

"डबा संपला होता," मी म्हणालो.