कोयत्याचा र

रुद्राणीआक्कानं मला १९९३ साली मराठी टायपिंग शिकवलं आणि मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेत मी नापास झालो. कुणाशीही माझी ओळख करून देताना ती हे आधी सांगते, आणि मग मी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो हे सांगते. ऐकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

तिचा क्लास शाहूपुरीत एका पिठाच्या गिरणीच्या वर होता. आठ टाइपरायटर, भिंतीला एक फळा, आणि जवळच्या गडमुडशिंगी गावाहून सकाळच्या पहिल्या बसनं आलेली आक्का. खाली गिरणी सुरू झाली की वरची टेबलं थरथरायची आणि आम्ही आमच्या चुकांचं खापर गिरणीवर फोडायचो. आक्काला ते मान्य नसायचं. तिला चूक दिसली की ती ओरडायची नाही, लाल पेन्सिल उचलायची, आणि ते जास्त लागायचं.

मराठीत दोन र असे आहेत की त्यांत गल्लत झाली की अर्थ बदलतो. एक डोक्यावर बसतो, तो रफार. दुसरा अक्षराच्या पुढं आडवा, वाकडा येतो. त्याला आक्का कोयता म्हणायची, आणि यंत्रावर त्याचं बटण कुठं आहे हे पहिल्या दिवशीच दाखवायची. रफार दिला तर दर्या, म्हणजे समुद्र. कोयता दिला तर दऱ्या, म्हणजे डोंगरातल्या. मी एकदा ‘सह्याद्रीच्या दर्या’ असं टाइप केलं, तर तिनं माझ्या कागदावर लाल पेन्सिलीनं एक होडी काढून कागद परत दिला. पुढचा आठवडाभर क्लासातली पोरं मला खलाशी म्हणत होती.

नव्वदीचं दशक संपत आलं तशी टाइपरायटरची सद्दी संपली. आक्कानं सात यंत्रं भंगारात घातली, एक ठेवलं, आणि विंडोज असलेला कॉम्प्युटर घेतला. कुणाकडं शिकायला गेली नाही. महिनाभर दार लावून बसली आणि दार उघडलं तेव्हा बाहेर ‘मराठी डीटीपी’ अशी पाटी होती. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, मंडळाच्या पावत्या, सगळं तिच्याकडं यायला लागलं. पुण्याहून आणलेल्या फॉन्टमध्ये जुन्या टाइपरायटरचीच बटणं होती, त्यामुळं तिची बोटं जिथल्या तिथं पडायची. पडद्यावर कुठलं चित्र कुठं आहे हे तिला आपल्या घरातल्या डब्यांसारखं ठाऊक होतं. आत काय चालतं ते तिला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती.

मला मात्र आत काय चालतं याचंच वेड होतं. २००४-०५ च्या सुमाराला आम्ही सात-आठ जण मुक्त सॉफ्टवेअरच्या नादाला लागलो होतो. दर रविवारी राजारामपुरीत जमायचं, विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सच्या सीड्या काढायच्या आणि प्रसाद वाटावा तशा वाटायच्या. कुणी घेतली नाही तर राग यायचा. आमच्यासारख्याच एका परगावच्या गटानं लिनक्सवर मराठी आणलं होतं. फुकट, आपल्या भाषेत, वर कुणाच्या मालकीचं नाही. माणसानं आणखी काय मागावं असं मला खरोखर वाटायचं. आता आठवलं की मलाच माझा कंटाळा येतो.

आक्काच्या मागं मी वर्षभर लागलो होतो. शेवटी ती तयार झाली, पण एका अटीवर. तिचं विंडोज आहे तिथं राहील आणि माझं जे काय आहे ते शेजारी बसेल. मी म्हटलं, त्यात काय, एकाच डिस्कवर दोन्ही राहतात. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी मी सीडी घातली. प्रत्येक पायरी मी तिला मोठ्या आवाजात समजावून सांगत होतो. पडद्यावर प्रश्न आला, संपूर्ण डिस्क वापरू का? मी मागं वळून तिला स्वातंत्र्याबद्दल काहीतरी सांगता सांगता ‘होय’ दाबलं.

सात वर्षांच्या पत्रिका गेल्या. विंडोज गेलं, फॉन्ट गेला. विंडोज पुन्हा घालता आलं असतं, पण फॉन्टची फ्लॉपी काढली तर ती वाचेना. पुण्याला फोन केला, दुसरी यायला दहा दिवस लागतील असं कळलं. मी घामाघूम झालो. आक्कानं पत्रिकांची एकेक प्रत कागदावर जपून ठेवलेली होती, म्हणून ती तशी शांत होती. तिनं एवढंच विचारलं की आण्णांचं मानपत्र आता कशावर करायचं.

आण्णा म्हणजे तिचे वडील, सोमलिंग आण्णा. गडमुडशिंगीचे आचारी. पन्नास वर्षं त्यांनी पंचक्रोशीतल्या लग्नांचा स्वयंपाक केला. त्यांची गव्हाची खीर खायला लोक नवऱ्या मुलाचं नावही न विचारता लग्नाला जात. गावातल्या मंडळानं येत्या रविवारी तीन म्हाताऱ्या आचाऱ्यांचा सत्कार ठरवला होता, त्यात आण्णा सगळ्यांत वयस्कर. पन्नास वर्षांत जेवून गेलेल्यांनी आण्णांना खीर चांगली झाली असं हजारदा सांगितलं असेल, पण मांडवात खुर्चीवर कुणी बसवलं नव्हतं. म्हणून ते मानपत्र आक्काला स्वतःच्या हातानं करायचं होतं. दुसऱ्या दुकानात जायला ती तयार नव्हती.

तेव्हा मंगळवारपासून मी कॉलेज सुटल्यावर तिच्या शेजारी बसायला लागलो आणि आक्का लिनक्सवर काम करायला लागली. माझी समजूत होती की दोन तासांत तिला सगळं येईल. पहिल्याच दिवशी तिनं मला एकोणीस वेळा विचारलं, आणि प्रत्येक वेळी भिंतीवर पेन्सिलीनं एक रेघ मारली. फाईलला ‘संचिका’ म्हटलेलं बघून तिनं विचारलं की हे लिहिणारा माणूस कधी तलाठ्याकडं गेलाय का, तिथं शिपाईसुद्धा फाईलच म्हणतो. प्रिंटर चालू करायला मी काळ्या पडद्यावर इंग्रजीत तीन ओळी टाइप केल्या, तर ती म्हणाली, हे रोज तुम्ही येऊन करणार काय? चूक झाली की यंत्र चूक काय ते सांगायचं, पण आता काय करू ते सांगायचं नाही. मी प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होतो. सवयीनं होईल, ही अडचण नाही, हे तर जास्त ताकदीचं आहे. रेघा वाढत होत्या.

बुधवारी ती थांबली आणि खुर्ची माझ्याकडं फिरवून म्हणाली, “सर, ज्यानं हे केलंय तो हुशार हाय. पर तो कवा कुणाच्या शेजारी बसलेला न्हाय.”

मी चहा मागवला.

शुक्रवारी ती एका गिऱ्हाइकाकडं गेली असताना मंडळाचा कृष्णात हँडबिलाचा मजकूर घेऊन आला. म्हटलं, हिचा भार हलका करू. मी स्वतः टाइप केलं, शंभर प्रती काढल्या आणि कृष्णाताला दिल्या. तो खूश, मी त्याहून खूश. लिनक्सवरचं आक्काच्या दुकानातलं पहिलं छापील काम माझ्या हातून झालं होतं.

शनिवारी सकाळी गावातले एक निवृत्त हेडमास्तर इस्त्रीच्या कपड्यात दुकानात हजर. चेहरा गंभीर. म्हणाले की सत्काराचं कळलं, आनंद आहे, पण यादीत कोणाकोणाची नावं आहेत आणि ती कुणी ठरवली? आपण बत्तीस वर्षं नोकरी केली आहे. आक्काला काही कळेना. तिनं अगदी मनापासून विचारलं, “गुरुजी, तुमी सैपाक करायचा व्हय?” गुरुजींनी खिशातून हँडबिल काढून तिच्यापुढं ठेवलं. वर मोठ्या अक्षरात होतं, ‘गावातील ज्येष्ठ आचार्यांचा सत्कार’.

कोयता गेला होता, रफार आला होता. आचारी जाऊन आचार्य आले होते. आणखी दोन मास्तर आदल्या संध्याकाळी कृष्णाताकडं जाऊन आले होते, त्यातल्या एकानं भाषणही तयार केलं होतं.

मला हसू आवरेना. हसत हसतच मी म्हटलं की कोयता त्या मराठीत ठेवलेलाच दिसत नाही, मी बटणं दाबून बघतो, पण तेवढ्यानं काय बिघडतं, वाचणारा समजून घेतो. एक बारीकशी रेघ तर आहे.

आक्का मला सर म्हणायची विसरली. “विज्या, पन्नास वर्षं माझा बाप चुलीम्होरं बसलाय. आचारी म्हणून एकदा खुर्ची मिळाली तर तीबी तू मास्तरला दिलीस. आणि वर हसतोयस.”

मला लाज वाटली. परीक्षेत नापास झालो तेव्हा वाटली नव्हती एवढी वाटली. गुरुजीसुद्धा उठून उभे राहिले. सत्कार आचाऱ्यांचाच व्हायला हवा असं ते म्हणाले, आणि घरोघर जाऊन हँडबिलं दुरुस्त करायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं.

दुपारपर्यंत मी एकेक बटण दाबून पाहिलं. कोयता नव्हताच. ज्यांनी ती बटणं बसवली त्यांना हा र वेगळा आहे हेच कुणी सांगितलं नसावं. आक्का मानपत्राचा मजकूर टाइप करत होती. कोयता यायचा तिथं ती दोन मोकळ्या जागा सोडत होती. मानपत्र छापून झालं तेव्हा त्यात अकरा ठिकाणी भोकं होती. ‘आचा’, मग मोकळं, मग ‘यांचा’. ‘दुस’, मग मोकळं, मग ‘यांच्या’. तिनं बोरू घेतला, काळी शाई घेतली, कागद खिडकीजवळच्या टेबलावर पसरला. तेवढ्यात खाली गिरणी सुरू झाली आणि टेबल थरथरायला लागलं. तिनं मला टेबल दोन्ही हातांनी दाबून धरायला सांगितलं. मी धरलं. तीन मानपत्रं, तेहतीस कोयते. एकही वाकडा गेला नाही.

रविवारी मारुतीच्या देवळापुढं कार्यक्रम झाला. वाचन हेडमास्तरांनीच केलं, आणि ‘आचाऱ्यांचा’ हा शब्द आला की ते त्यावर असा काही जोर देत होते की शेवटच्या रांगेतल्या बायका हसायला लागल्या. आण्णा खुर्चीवर अवघडून बसले होते, आणि मागं चुली पेटल्या होत्या तिकडं सारखे वळून बघत होते. खीर दुसरं कुणी करत होतं. मानपत्र हातात आल्यावर त्यांनी ते बराच वेळ वाचलं, बोट ठेवून, एकेक शब्द. मग नीट गुंडाळून मांडीवर ठेवलं आणि उजव्या हातानं धरून बसले. जेवायला उठेपर्यंत तो हात तसाच होता.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून फ्लॉपी आली आणि आक्का विंडोजवर परत गेली. मी मराठीवाल्या गटाला पत्र लिहिलं. उत्तर आलं की दोन्ही र एकच आहेत, फरक फक्त वळणाचा आहे. ते आक्काला वाचून दाखवलं, तेव्हा तिनं मला समोर बसवून दुसरं पत्र सांगितलं. त्यात दर्या होता, दऱ्या होत्या, संचिका होती, भिंतीवरच्या रेघा होत्या, आणि इस्त्रीच्या कपड्यातले गुरुजी होते. हँडबिल जोडलं होतं. मी एकही शब्द बदलायचा नाही असं तिनं बजावलं होतं, आणि मी बदलला नाही.

या वेळी उत्तरच आलं नाही. माणूसच आला. मे महिन्यात रुद्रेश नावाचा एक तिशीचा इंजिनिअर बेळगावहून दुकान शोधत आला. मराठीची बटणं त्यानंच बसवली होती. घरात कन्नड, शाळा इंग्रजी, आणि मराठी त्यानं पुस्तकातून जुळवलेलं. आक्काला थोडं कन्नड यायचं, तिनं त्या भाषेत बसायला सांगितलं तेव्हा तो मोकळा झाला. दोन दिवस तो तिच्या शेजारी बसला आणि काही समजावून न सांगता ती कुठं अडते ते वहीत लिहीत राहिला. मी बघत होतो. मला वर्षभरात हे सुचलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी नव्या आवृत्तीची सीडी आधी तपासायला म्हणून आक्काकडं आली. संचिकेची फाईल झाली होती. आक्कानं जुन्या टाइपरायटरच्या जागी बोट ठेवलं आणि कोयता उमटला. तिनं तो आणखी दोनदा उमटवून बघितला. मी आशेनं विचारलं की आता हेच वापरशील ना. तिनं सांगितलं की पत्रिका विंडोजवरच करणार, हात बसलाय. पण दुसरा कॉम्प्युटर घेऊन त्यावर हे ठेवणार. का, म्हटलं. तर म्हणाली, मला येऊन विचारलं ते यांनीच.

रुद्रेशचा फोन आला. सगळ्यांना वाटायच्या सीडीसोबत मदत करणाऱ्यांची यादी जाणार होती, आक्कांचं नाव कसं लिहू असं तो विचारत होता. पूर्ण नाव, पदवी, संस्था, काय असेल ते. मी फोन तिच्या हातात दिला.

“रुद्राणी,” ती म्हणाली. “आचाऱ्याची लेक, गडमुडशिंगी. असंच लिवा. नीट उमटतंय का तेबी कळंल.”