दीड तासावरचं कुवेत

दादाला कुवेतमध्ये नोकरी लागली तेव्हा आईने त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला. पोटचा मुलगा विमानात बसून समुद्रापलीकडे जाणार, हे तिला काही केल्या पटेना. "लय दूर हाये ते, जाऊ नको," एवढंच तिचं म्हणणं. शेवटी दादाने तिकीटच तिच्यापुढे धरलं. मुंबईहून सकाळी नऊला सुटणार, कुवेतला साडेदहाला पोचणार.

आईने बोटांवर मोजलं. "दीडच तास? एवढा टाइम तं मौद्याच्या यष्टीलेही लागते." मौद्याला तिची बहीण राहायची. आईचा चेहरा निवळला आणि त्याच दिवशी ती चिवड्याच्या तयारीला लागली.

पण ते साडेदहा कुवेतच्या घड्याळातले होते, आणि तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास मागे. मला हे ठाऊक होतं, कारण बाबा आमच्याच शाळेत भूगोल शिकवायचे. चूक दिसली की त्यांना राहवत नसे. लग्नपत्रिकासुद्धा ते लाल पेन घेऊन वाचायचे. मी तोंड उघडलं, तर त्यांनी मला पाणी आणायला पिटाळलं. दुपारी आई झोपल्यावर ते नकाशावर दोरा ताणून मोजत बसले. "पावणेतीन हजार किलोमीटर. चार तास तरी लागतील," ते हळूच म्हणाले. "आईले सांगू नको."

आमच्याकडे माणूस प्रवासाला निघाला की तो पोचेपर्यंत घर झाडत नाहीत. दादा मुंबईला पोचल्याची तार आली तेव्हा आईने एकदा झाडून घेतलं. विमानाच्या दिवशी केरसुणी पुन्हा कोपऱ्यात. जूनचा पहिला आठवडा, घरभर धूळ. बाबा एरवी असल्या गोष्टींची टिंगल करायचे.

साडेदहा वाजले तशी आईने पदर खोचला. "पोचला माहा लेक," म्हणत केरसुणी उचलली. विमान अजून समुद्रावर होतं. बाबा ताडकन उठले, कपाटावरचा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढला आणि बैठकीच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरला. "झाडू नको. पेपर तपासून राहिलो."

आई केरसुणी घेऊन उंबऱ्याशी बसली. बाबा लाल पेन घेऊन तेच तेच पेपर उलटत होते. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाले. बाबांचा मला एरवी धाकच वाटायचा, पण त्या दिवशी त्यांच्यावर माझा फार जीव जडला. एक वाजला आणि त्यांनी सगळे कागद भराभर गोळा केले. "घे, झाड आता," म्हणाले आणि अंगणात हात धुवायला गेले.

आई झाडत झाडत माझ्याजवळ आली. "शाळा तं एप्रिलातच सुटली. काहेचे पेपर तपासून राहिले होते वं हे?"

तिने केर सुपलीत भरला. "त्यायले सांगू नको, मले समजलं म्हणून."

दादा तिथे बरीच वर्षं राहिला. एवढ्या लांब मुलगा, करमतं कसं, असं शेजारणी विचारायच्या. आई बाबांकडे बघत म्हणायची, "लांब कुठं? दीड तासावर तं हाये."

बाबा मान हलवून "हो" म्हणायचे.