सुषमाताईंची कंबर

जव्हारच्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात देव एक वेळ नवसाशिवाय पावेल, पण सुषमाताई कारणाशिवाय पावायच्या नाहीत. योजनेतल्या मोफत तपासण्यांचे कागद त्यांच्याकडे असतात. तपासणी कशासाठी, ते लिहिल्याशिवाय मंजुरी येत नाही आणि मंजुरीशिवाय त्या कुणाला सोनोग्राफीच्या खोलीत पाऊल टाकू देत नाहीत. घरी नवऱ्यानं दुसऱ्यांदा चहा मागितला तरी म्हणे कारण विचारतात. मी शेजारीच औषधांच्या खिडकीत बसतो, त्यामुळे ही करमणूक मला फुकटात मिळते.

फाल्गुनात मोखाड्याकडच्या पोशेऱ्याहून धोंडीआजी आल्या. सोबत सून सरू आणि तिची दीड महिन्याची माघी. जीप वेळेवर न आल्यानं बाळंतपण घरीच, आजींच्या हातून झालं होतं. डॉक्टरांनी माघीच्या मांड्या हलवून पाहिल्या, हाताला काही लागलं नाही. तरी त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, बाळ पायाळू असेल तर कमरेच्या सांध्याची सोनोग्राफी करा. पायांकडून जन्मलेल्या बाळाचा सांधा कधी कधी उथळ राहतो आणि तो नुसत्या हाताला कळत नाही.

"आजी, पोरगी पायाळू आहे का?" ताईंनी विचारलं.

"नाय वं बाय. डोक्यानंच आली."

सरूनं खाली मान घातली. ताईंनी पुन्हा विचारलं, आजी पुन्हा नाही म्हणाल्या. मग ताईंनी कागद बाजूला सारला आणि पुढच्याची फाइल काढायला खालच्या कप्प्याकडे वाकल्या. त्या तिथेच अडकल्या. कंबर धरली होती.

धोंडीआजींना दुसऱ्याचं दुखणं बघवत नाही. "उपडी निज बाय," त्या लगबगीनं म्हणाल्या, "माघीचा पाय लावू कमरेला. आत्ता सुटंल."

पायाळूचा पाय लागला की धरलेली कंबर सुटते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आजींनी जीभ चावली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"म्हणजे पायाळूच," ताई टेबलाखालून, तशाच वाकलेल्या, म्हणाल्या.

आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. गुप्तधन काढणारे असली पोरं शोधत फिरतात, या भीतीनं त्यांनी शेजारणीलाही पत्ता लागू दिला नव्हता. "कागदावर चढलं का कुणीबी येल तिला न्यायला," त्या म्हणाल्या.

ताई टेबलाला धरून कशाबशा उभ्या राहिल्या. "डॉक्टर आणि योजनेवाले सोडून हा कागद कुणी बघत नाही, आजी. आणि मी इंग्रजीत लिहिते."

इंग्रजीचा कुणाला एवढा आधार वाटलेला मी पहिल्यांदाच पाहिला. आजी तयार झाल्या.

डावा सांधा उथळ निघाला. डॉक्टरांनी माघीला पट्टा बांधला. काही आठवडे तो ठेवला की पोर चारचौघींसारखी चालेल, असं म्हणाले. आज कळलं नसतं तर ते लंगडायला लागल्यावरच कळलं असतं.

नातीला उराशी धरून आजी पुन्हा ताईंच्या टेबलापाशी आल्या.

"बाय, तुझी कंबर धरली नसती तं?"

ताई हे हसण्यावारी नेतील असं मला वाटलं. पण त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी माघीच्या पावलावर हात ठेवला.

"तर मी तुम्हाला परत पाठवलं असतं, आजी."