हर्सूलच्या आभाळातलं गिधाड

सावली आधी आली. हर्सूल तलावाच्या बांधावर कोवळ्या उन्हात डोळे मिटून बसलो होतो आणि पापण्यांवरचा तांबूस उजेड क्षणभर विझला. वर पाहिलं तर काय! पंखांचा केवढा तो अफाट विस्तार! फडफड नाही, घाई नाही. वाऱ्यावर निःशंक रेललेला तो महाकाय पक्षी निळाईत संथ वर्तुळं रेखीत होता.

"गरुड!" मी जवळजवळ ओरडलोच.

शेजारी करीमभाई बसले होते. शेंद्र्याच्या दवाखान्यात मी गुरांचा डॉक्टर होतो आणि ते मेलेल्या जनावरांची कातडी घेत, तेव्हापासूनचा आमचा स्नेह. त्यांची मुलगी सलमा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. त्या दिवशी तीही दुर्बीण घेऊन आली होती.

"गरुड नाय, डॉक्टरसाब," करीमभाई हळूच म्हणाले. "शेपूट बघा किती आखूड. मान खांद्यात घुसलीय. पंखाची टोकं बोटांवानी फाकलीत. गिधाड हाये ते."

तेवढ्यात पक्षी वळला आणि पाठीवरचा शुभ्र डाग उन्हात लखकन चमकला. "पांढऱ्या पाठीचं गिधाड!" सलमा दुर्बीण डोळ्यांना लावत म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा पाहतेय मी, अब्बा."

पहिल्यांदा? मी थक्क झालो. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षांत, माझ्या बालपणी, गावाबाहेरच्या माळावर ती थव्यांनी उतरायची. जे नित्य दिसतं, त्याकडे माणूस कुठे पाहतो? ती कधी नाहीशी झाली, हे मला कळलंही नव्हतं.

"माझ्यामुळं गेली ती," करीमभाई म्हणाले.

सलमानं दुर्बीण खाली घेतली.

"कातड्याला कीड लागू नये म्हणून मी पावडर टाकायचो. तिथंच माळावर, मढ्याशेजारी. मग एका साली गिधाडं माना टाकून बसायला लागली. बसल्या जागी मरायची. लई पुरली मी, ह्या हातांनी. पावडर पोटात गेली असणार, दुसरं काय? म्हणून तर धंदा सोडला."

लेकीलाही त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. ती त्यांचा हात घट्ट धरून म्हणाली, "अब्बा, पावडरीनं नाही हो! गुरांना वेदनेवर एक इंजेक्शन द्यायचे. त्यानंतर जनावर लवकर मेलं तर ते मांसात उरायचं आणि ते मांस खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. सगळ्या देशातली गिधाडं तशीच मेली."

तिनं औषधाचं नाव घेतलं.

ते नाव माझ्या हस्ताक्षरात किती वेळा उमटलं असेल! लंगडणारे बैल, कण्हणाऱ्या गाई, हात जोडून उभे असलेले मालक आणि माझ्या हातातली सिरिंज. जनावर तासाभरात उठून उभं राहायचं आणि त्या कृतज्ञ नजरांनी मी सुखावून जायचो. पुढे ते जनावरांसाठी बंद झाल्याचं परिपत्रक आलं, तेव्हा सही करून मी ते फाईलला लावलं. का बंद झालं, हे वाचण्याचीही तसदी घेतली नाही. करुणेच्या पोटातून असा संहार जन्मावा? आणि त्याचं ओझं भलत्यानंच इतकी वर्षं वाहावं?

गप्प बसणं सोपं होतं. सलमाला यातला माझा वाटा ठाऊक नव्हता.

"करीमभाई," मी म्हणालो, "ते इंजेक्शन मी द्यायचो. तुम्ही ज्यांची कातडी काढलीत, त्यांतल्या कितीतरी जनावरांना मीच दिलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. मी रागाची वाट पाहत होतो, तो आला असता तर बरं वाटलं असतं. मग त्यांनी आपले सुरकुतलेले तळवे उलटेपालटे करून निरखले, जणू ते आज प्रथमच त्यांना परत मिळाले होते.

"म्हंजे," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मी नाय मारली?"

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही नाही."